मॅकिनजोर म्हणजे काय

ब्रिस्टलच्या मराठी मंडळात प्रमोदिनीला सगळे मॅकइंडियाबाई म्हणत. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. वीसेक वर्षांपूर्वी गणपतीच्या कार्यक्रमात नोंदणीच्या टेबलावर बसलेल्या एका उत्साही गृहस्थांनी तिचं इंग्रजीतलं आडनाव चष्मा वर-खाली करून पाहिलं, अर्ध्यातच नाद सोडला आणि माइकवरून पुकारा केला, "मिसेस मॅक... मॅकइंडिया!" हॉल हसला, तीही हसली, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. आपल्या माणसांचं हे एक आहे. स्वतःच्या आडनावाची वेलांटी कुणी चुकवली तर महिनाभर अबोला धरतील, दुसऱ्याच्या आडनावाचं मात्र भरीत करून मोकळे.

खरं आडनाव मॅकिनजोर. लिहिताना त्यात 'इंड' दिसतं, म्हणताना ते नाहीसं होऊन 'जोर' येतो. तिचा स्कॉटिश नवरा कॅलम म्हणायचा, "आमच्या गेलिक भाषेत अक्षरं लग्नाला आलेल्या पाहुण्यांसारखी. येतात सगळी, कामाला उभी राहतात दोन-तीनच." त्याच्या घराण्यात हे नाव लावणारा तो आणि त्याचा मुलगा जय, एवढेच उरले होते. भाऊ नव्हता, चुलत्यांना मुलं नव्हती, आणि लांबच्या भाऊबंदांनी केव्हाच लोकांच्या सोयीसाठी ड्यूअर असं सुटसुटीत आडनाव घेतलं होतं.

प्रमोदिनी मूळची कुडाळकडची, गुरवाची मुलगी. तिचे वडील पुरुषोत्तम गुरव गावच्या देवळाचे पिढीजात सेवेकरी. देवाला आंघोळ घालायची, फुलं-बेल, दिवाबत्ती, आरतीला नगारा, गावकऱ्यांनी विचारलं तर देवाला कौल लावायचा, आणि देवाचा चांदीचा मुखवटा घरात जिवापलीकडे सांभाळायचा. थोरला भाऊ हरीश इंजिनियर होऊन लंडनजवळ पिनरला आला होता. त्याच्या पाठोपाठ तीही एकोणऐंशी साली नर्सिंग शिकायला आली आणि ब्रिस्टलच्या इस्पितळात लागली.

कॅलम तिला भेटला तो तिथेच. विमानाच्या कारखान्यातला फिटर, बोट चेमटून घेऊन आलेला. ती कागद भरत होती. मूळ गाव कुठलं, तिनं विचारलं. तो गंभीरपणे म्हणाला, "आयला."

तिच्या हातातलं पेन थांबलं. ह्या गोऱ्याला हे कुणी शिकवलं? तिनं पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तितक्याच सभ्यपणे, जरा मोठ्यानं सांगितलं, "आयला. बेट आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला." मग मात्र तिला आवरेना. वॉर्डच्या सिस्टरनं डोळे वटारले तरी ती हसत राहिली. आपल्या गावाचं नाव ऐकून एखादी मुलगी इतकी आनंदते याचं कॅलमला फार अप्रूप वाटलं. खरा प्रकार त्याला लग्न ठरल्यावर कळला, आणि पुढे जन्मभर अंगठ्यावर हातोडी बसली की तो मोठ्या अभिमानानं आपल्या जन्मभूमीचं नाव घेत असे.

लग्न ठरलं तेव्हा हरीश पिनरहून फोनवर वाटेल ते बोलला. वडील बोलले नाहीत. त्यांचं एरोग्राम आलं. अक्षर नेहमीसारखं ठसठशीत, मजकूर चार ओळींचा. मुलगा काय कमावतो ते मी विचारत नाही. रंग आणि धर्म यांचं गाव काय बोलायचं ते बोलेल. मला एवढंच कळव की त्यांच्या आडनावाचा अर्थ काय. आपल्याकडे आडनाव म्हणजे पूर्वजांनी काय काम केलं त्याची साक्ष. ती वाचून मी ठरवीन.

तिनं कॅलमला विचारलं. तो डोकं खाजवत म्हणाला, आई म्हणायची की 'जोर' म्हणजे अश्रू. मॅक म्हणजे मुलगा. अश्रूंचा मुलगा.

लग्नाच्या तोंडावर वडिलांना काय लिहायचं, मी रडण्याच्या घराण्यात पडते आहे? दोन दिवस ती कागद पुढ्यात घेऊन बसली. शेवटी कॅलमला न सांगता तिनं लिहिलं: आप्पा, त्यांच्या आडनावाचा अर्थ बलवान असा आहे. आपल्याकडेही जोर हाच शब्द आहे, बघा.

उलट टपाली पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच शब्द होता, "बरं."

पुरुषोत्तम गुरवांनी साठ वर्षं देवाला कौल लावला होता. कोण मनापासून विचारतंय आणि कोण नुसतं तोंडदेखलं, हे त्यांना पायरीवरच कळायचं. मुलीचं खोटं त्यांनी पत्रातून ओळखलं की नाही, ते कुणाला ठाऊक? पण त्यांनी लग्नाला नाहीही म्हटलं नाही आणि लग्नानंतर "जावयाला घेऊन ये" असंही कधी लिहिलं नाही. आणि न बोलावता माहेरी जायचं नाही, हा तिचा हट्ट. बापाचाच होता तो, दुसरीकडून कुठून येणार? नऊ वर्षं दोघांनी आपापली बाजू घट्ट धरून ठेवली. त्र्याण्णव साली हरीशचा फोन आला की आप्पा गेले.

पहिलं मूल तिचं सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. तेव्हापासून त्या नावाची तिला मनातून भीती बसली. जय झाला, वाढला, शाळेत जाऊ लागला. आठ-नऊ वर्षांचा असताना त्यानं एकदा विचारलं होतं, "व्हॉट डझ अवर नेम मीन?" कॅलम तोंड उघडणार तेवढ्यात तिनं ताटात पोळी वाढत विषय बदलला. पोरानं पुन्हा कधी विचारलं नाही. कॅलमनंही काढलं नाही. तो आतल्या गाठीचा नव्हता, पण स्वतःसाठी काही मागायचं म्हटलं की त्याची जीभ जड व्हायची.

म्हणूनच गेल्या वर्षी फेब्रुवारीत तो जे बोलला, त्यानं ती हादरली. त्याचं हृदय थकलं होतं. जिना चढवेना म्हणून पलंग खालच्या खोलीत, खिडकीपाशी आणला होता. जय मँचेस्टरला. त्याची बायको देवयानी पुण्याची, तिला ऑगस्टात बाळ व्हायचं होतं, मुलगी आहे हेही कळलं होतं. कॅलमला अख्खं 'प्रमोदिनी' कधी जमलं नाही, तो 'मोडी'च म्हणायचा. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मोडी, एक सांगू? पोरीला आपलं नाव लावतील ना ते? माझ्याबरोबर संपू नये असं वाटतं."

चाळीस वर्षांच्या संसारात त्यानं मागितलेली ही पहिली गोष्ट. पुढे लगेच म्हणाला, "मी जयला म्हणणार नाही. बापानं म्हटलं की ओझं होतं."

"मी बोलते," ती म्हणाली.

बोलते म्हणाली खरी, पण बोलणार काय? देवयानीनं लग्नानंतर स्वतःचं आडनाव ठेवलं होतं. जय लहानपणापासून त्या नावाला कंटाळलेला. फोनवर दर वेळी अक्षरं सांगा, आणि मुलाखतीला गेलं की, तो म्हणायचा, "आधी माझ्याकडे बघतात, मग कागदाकडे, मग परत माझ्याकडे." अशा मुलाला सांगायचं, बाळाला हेच नाव लाव, याचा अर्थ अश्रू? छे! तिनं ठरवलं, आधी नीट अर्थ शोधायचा. काहीतरी चांगलं हाती लागलं की मगच तोंड उघडायचं. एकदा न शोधता पत्र लिहून बसलो, ती चूक पुन्हा नाही.

मग तिनं आयलावरच्या वाचनालयाला ईमेल केलं. तिथून एकाचं नाव, त्याच्याकडून दुसऱ्याचं. लोक सावकाश उत्तरं देत होते. मार्च गेला, ईस्टरला जय दोन दिवस येऊन गेला, आणि बापलेक दुपारभर खालच्या खोलीत बसलेले असतानाही ती काही बोलली नाही. अजून उत्तर आलं नव्हतं ना!

उत्तर मे महिन्यात आलं. मोराग नावाच्या, बेटावरच्या एका निवृत्त शिक्षिकेनं फोनच केला. आवाज खणखणीत, बोलणं वर्गात शिकवल्यासारखं.

"अश्रू? कोण म्हणतं? सगळेच म्हणतात म्हणा. उच्चार सारखा ना, त्यामुळे फसगत होते. तुमच्या नावातला मूळ शब्द वेगळा. जोरा. त्याचा जुना अर्थ परका. बाहेरून आलेला, ज्याचं गावात कुणी नाही असा."

प्रमोदिनीच्या मनात आलं, हे काही फार सुधारलं नाही.

"थांबा, पुढे ऐका," मोरागबाई म्हणाल्या. "पुढे त्याचा अर्थ झाला यात्रेकरू. आणि मग, संतांच्या वस्तू सांभाळणारा माणूस. एखाद्या संताची घंटा असायची, काठी असायची, हाताचं हाड असायचं. ते एकाच घराण्यात ठेवायला द्यायचे. त्यांनी ते घरात जपायचं, गावात कुणी आजारी पडलं, कुणाला शपथ घ्यायची असली, की ते घेऊन जायचं. बापामागून मुलानं. त्या कामाबद्दल त्यांना जमीन तोडून दिलेली असायची. अशा घराण्यांना मॅकिनजोर म्हणत. समजलं का? तुमच्याकडे असं काही असतं का?"

प्रमोदिनी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली होती. समोरून दोनदा "हॅलो, हॅलो" आलं. मग ती कशीबशी म्हणाली, "हो. आमच्याकडे असतं."

फोन ठेवल्यावर ती रडली, तोंडात पदर कोंबून रडावं तशी, कार्डिगनची बाही तोंडात धरून. गुरव! हे लोक गुरव होते. देवाचं घरात सांभाळायचं, बापामागून मुलानं, आणि त्यासाठी इनाम जमीन. आप्पांनी एवढंच तर विचारलं होतं. हे जर तिनं चौऱ्याऐंशी साली लिहून पाठवलं असतं, तर त्या माणसानं सगळ्या गावाच्या नाकावर टिच्चून जावयाला नारळ-टॉवेल देऊन देवळात नेलं असतं. मुखवटा त्याच्या हातात दिला असता. "आपल्यातलाच आहे" म्हणाला असता. खरं उत्तर कुणीतरी सांगायला बसलं होतं आणि तिनं विचारलंच नव्हतं. दोन दिवस बसून खोटं रचलं, पण एक पत्र आयलाला टाकलं नाही. नऊ वर्षं बाप वाट बघत राहिला असेल. हे दुःख कुणाला सांगता येण्यासारखंही नव्हतं, कारण ते खोटं तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

डोळे धुऊन ती खालच्या खोलीत गेली आणि कॅलमला अर्थ सांगितला.

"म्हणजे," तो हळूच म्हणाला, "तुझा भाऊ चाळीस वर्षं ओरडतोय, आणि आपलं लग्न एकाच जातीत झालं?"

ती हसली आणि पुन्हा रडली. म्हणाली, "आता जयला सांगते. फोनवर नको, माझ्या वाढदिवसाला येणारच आहेत."

"घाई नाही गं," कॅलम म्हणाला. "नाही सांगितलंस तरी चालेल."

हा त्याचा नेहमीचा भिडस्तपणा, असं समजून तिनं तिकडे लक्ष दिलं नाही.

जूनमध्ये तिचा वाढदिवस. जय आणि देवयानी दुपारी आले. तिनं पुरणपोळ्या केल्या होत्या. काय बोलायचं ते सकाळपासून मनात जुळवून ठेवलं होतं, आधी घंटा, मग घराणं, मग जमीन, आणि शेवटी आजोबा. जेवण झालं, कॅलम खोलीत डोळे मिटून पडला होता. तिनं हात पुसले आणि म्हणाली, "जय, मला तुझ्याशी जरा बोलायचंय."

"आधी मी," जय म्हणाला. त्याचा चेहरा लहानपणी शाळेतून बक्षीस आणल्यावर व्हायचा तसा झाला होता. त्यानं एक पाकीट तिच्या पुढ्यात ठेवलं. "हॅपी बर्थडे, आई. उघड."

आत एक कायदेशीर कागद होता, सही-साक्षीचा. नाव बदलल्याचा. जय गुरव.

"डीड पोल केला मी. बेबी पण गुरव होणार. आर्या गुरव. तुझा नाव आहे आई, तुझा आणि आजोबाचा. तू कधी बोलली नाही, पण मला माहीत आहे तू त्यांना किती मिस करते. ते मला कधी भेटले नाही. मला वाटला, हे तरी देऊ तुला." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. देवयानीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो आई, दोन महिने लपवून ठेवलं होतं आम्ही."

तिनं तो कागद दोन्ही हातांत धरला. ज्या बापाशी ती खोटं बोलली त्याचं नाव मुलानं उचलून आणलं होतं, आणि ज्या नवऱ्याला शब्द दिला त्याचं नाव खाली ठेवून. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, हे कबूल केलं पाहिजे. पण त्या आनंदाचा तिला तितकाच रागही आला. मुलाचा काय दोष? पोटचा पोर इतक्या मायेनं काही देतोय आणि त्याला म्हणायचं, परत घे? तिनं त्याला जवळ घेतलं आणि म्हणाली, "छान केलंस रे."

"तू काय सांगणार होती?"

"काही नाही. पुरण जरा सैल झालं होतं, तेच."

चार वाजता ती कॅलमसाठी चहा घेऊन खालच्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं. तो जागा होता.

"बोललीस का जयशी?" त्यानं विचारलं.

"बोलले."

"काय म्हणाला?"

तिनं कप स्टुलावर ठेवला. चादर सारखी केली. "हो म्हणाला. लगेच म्हणाला. त्याला फार आवडला अर्थ."

"असं?"

"हो ना. देवयानीलाही. आर्या नाव ठेवणार आहेत. आर्या मॅकिनजोर."

कॅलमनं तिचा हात हातात घेतला. तिच्या डोळ्यांत बघितलं, बराच वेळ. म्हणाला, "परत म्हण."

"आर्या मॅकिनजोर."

"छान वाटतं तुझ्या तोंडून," तो म्हणाला. "चा दे आता."

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कॅलम गेला. झोपेतच गेला, फार हाल झाले नाहीत. त्याची राख आयलाला न्यायचं ठरलं. मोरागबाईंनी घरी उतरायचं आमंत्रण दिलं. जय दोन आठवडे आईपाशी राहिला. आलेल्या पत्रांना उत्तरं लिहायची होती, पेन्शनवाल्यांना, कौन्सिलला कळवायचं होतं. आता हे नाव लावणारी प्रमोदिनी एकटीच उरली होती. प्रत्येक फोनवर ती एकेक अक्षर न कंटाळता सांगत होती.

एका सकाळी पत्रांच्या पसाऱ्यात ती मध्येच थांबली. हे एवढं एकटीनं पोटात ठेवणं तिला अशक्य झालं. आप्पांच्या वेळचं तर राहूनच गेलं, निदान हे तरी बोलून टाकावं.

"जय, तुला रागवायचं तर रागव. मी तुझ्या बाबांशी खोटं बोलले. तुझ्या मुलीला त्यांचं नाव लागावं अशी त्यांची फार इच्छा होती. मी त्यांना सांगितलं, तू हो म्हणालास. ते तसेच गेले."

जयनं पेन खाली ठेवलं.

"कधी सांगितला तू?"

"वाढदिवसालाच. तुम्ही बाहेर बसला होतात तेव्हा."

"आई, पण..." तो बोलताना अडखळला. "डॅडला माहीत होता. मी ईस्टरला त्याला विचारला होता. आधी त्याला, मग साइन केला. मला वाटला त्याला वाईट वाटेल. तो हसला. म्हणाला, तुझ्या आईनं तिचं नाव माझ्यासाठी सोडलं, तू ते उचल. आणि म्हणाला, तिला आत्ता सांगू नको, बर्थडेला दे." तो आता रडत होता. "त्याला हे हवं होतं असं तो बोललाच नाही. मला कसा कळणार?"

तिनं मुलाच्या पाठीवरून हात फिरवला, त्याला पाणी आणून दिलं. मग ती खालच्या खोलीत गेली आणि उघड्या पलंगावर बसली.

ईस्टरला. म्हणजे ती रात्रंदिवस अर्थ शोधत होती तेव्हा त्याला ठाऊक होतं. ती धावत येऊन गुरव, गुरव म्हणून सांगत होती तेव्हाही ठाऊक होतं. आणि त्या दिवशी चहा घेऊन ती शेजारी बसली तेव्हा ती खोटं बोलते आहे हे पहिल्या शब्दाला ओळखून, ते नाव त्यानं तिच्या तोंडून दोनदा ऐकून घेतलं होतं.